नवा सेन्सर बसला, पण गाडीला कळवणार कोण?

गाडी २०२० च्या अखेरीस घेतलेली. दीड लिटरचं डिझेल इंजिन, बीएस६ (म्हणजे धुराच्या कडक नियमांतली), छोटी एसयूव्ही, मीटरवर ४१ हजार किलोमीटर, वॉरंटी संपलेली. मालक चिंचवडचे, भोसरी एमआयडीसीतल्या एका टूलरूममधून निवृत्त झालेले फिटर. सोसायटीत त्यांना सगळे काका म्हणतात, इथेही तेच नाव चालेल. तक्रार अशी की डॅशबोर्डवर आधी डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, दिवा लागला, मग चेक इंजिनचा, आणि आठवड्याभरात पिकअपच गेला. ॲक्सिलरेटर पार दाबला तरी गाडी उचलेना. चढावर मागचे हॉर्न वाजवायला लागले की काका हात बाहेर काढून त्यांना पुढे जायला सांगायचे.

सर्व्हिस सेंटरने सांगितलं, फिल्टर चोक झालाय, बदलावा लागेल. एस्टिमेट लाखाच्या वर. गाडी शेवटी दुरुस्त झाली ती सेन्सर, स्कॅनिंग आणि ऑइल धरून बारा हजारांच्या आत. एवढा फरक का पडला हा एक प्रश्न. दुसरा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ज्या माणसाने प्रीमियर पद्मिनीचं इंजिन घरच्या अंगणात उतरवलं, मारुती ८०० चा क्लच स्वतः बदलला, त्याला या गाडीचा दोष बरोबर सापडला, पार्ट बरोबर बसवता आला, आणि तरी गाडी दुरुस्त करता आली नाही. असं का?

फिल्टर का भरतो

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस६ लागू झालं आणि छोट्या डिझेल गाड्यांनाही डीपीएफ आला. एक्झॉस्टच्या लाइनमध्ये बसवलेला हा सिरॅमिकचा फिल्टर. त्यातल्या बारीक नळ्या एकाआड एक टोकाला बंद केलेल्या असतात, त्यामुळे धुराला नळीच्या भिंतीतूनच पलीकडे जावं लागतं आणि काजळी मागे राहते. काजळी साठली की ती जाळावी लागते. हायवेवर एक्झॉस्ट बराच वेळ गरम राहतो, तेव्हा थोडीफार आपोआप जळते. शहरात ते होत नाही. मग ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, स्वतःच जादा डिझेल मारून एक्झॉस्टचं तापमान ६०० अंशांच्या आसपास नेतो. याला रिजनरेशन म्हणतात. त्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटं सलग, बऱ्यापैकी वेगात चालायला हवी.

काकांनी डिझेल घेतली ती कराडजवळच्या गावी महिन्यातून दोनदा जाणं-येणं होतं म्हणून. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि गावच्या फेऱ्या थांबल्या. आता गाडीचं काम म्हणजे नातवाची शाळा, मंडई आणि दवाखाना. सगळं तीन-चार किलोमीटरच्या आत. रिजनरेशन सुरू व्हायचं आणि शाळेच्या गेटपाशी चावी बंद. पुन्हा सुरू, मंडईपाशी पुन्हा बंद. अर्धवट राहिलेल्या प्रत्येक वेळी थोडं न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. काकांनी डिपस्टिक काढून पाहिली तर ऑइल वरच्या खुणेच्याही वर आणि वासाला डिझेल. जुन्या गाड्या ऑइल खायच्या म्हणून आपण काळजी करायचो. इथे ऑइल वाढतं, आणि त्याची काळजी करायची हे शोरूममध्ये गाडी घेताना कोणी सांगत नाही.

तेव्हा फिल्टरमध्ये काजळी होतीच. प्रश्न होता किती, आणि सगळा घोळ तिथेच झाला.

आकडा मिळत नाही

सर्व्हिस सेंटरमध्ये काकांनी सरळ विचारलं, "किती भरलाय?"

"सर, रिजनरेशन रिजेक्ट होतंय. म्हणजे फिल्टर गेलाच."

"ते कळलं. पण आकडा किती दाखवतंय? प्रेशर किती?"

"सर, तो डेटा सिस्टीमचा असतो. कस्टमरला देता येत नाही."

जॉब कार्डवर एवढंच लिहिलेलं: डीपीएफ चोक, रिप्लेसमेंट ॲडव्हाइज्ड. आयुष्यभर मायक्रोमीटर हातात धरलेल्या माणसाला हे पटणं शक्यच नव्हतं. टूलरूममध्ये "जॉब गेला" असं कोणी म्हणालं तर पुढचा प्रश्न "किती मायक्रॉनने?" हा असतो. इथे लाखाचा पार्ट टाकायचा आणि माप विचारायचं नाही. काकांनी गाडी तशीच परत आणली. माझ्या मते इथवर त्या सल्लागाराचीही फारशी चूक नव्हती. स्क्रीनवर जे येतं ते तो वाचतो आणि स्क्रीन सांगेल तो पार्ट सुचवतो. वर्कशॉपची वेळ मिनिटांत मोजली जाते, त्यात सेन्सर खरं बोलतोय का हे तपासायला वेळ धरलेलाच नसतो.

मग काकांनी हजारभर रुपयांचा ब्लूटूथ डोंगल मागवला. स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचं ओबीडी सॉकेट (गाडीतले दोष बाहेरून वाचायची जागा) असतं, त्यात तो लावायचा आणि मोबाइलवर ॲप उघडायचं. अमेरिकेत हे सॉकेट १९९६ पासून सक्तीचं आहे, आपल्याकडे ओबीडी-२ बीएस४ च्या काळात, २०१३ पासून आलं. ते सक्तीचं झालं धुरासाठी, दुरुस्तीच्या सोयीसाठी नव्हे. त्यामुळे कायद्याने जे उघडं ठेवायला लावलंय तेवढंच उघडं असतं: धुराशी संबंधित दोषांचे कोड, आरपीएम, कूलंटचं तापमान, वेग, असं मोजकं. बाकीचं कंपनीच्या खासगी भाषेत.

कोड मिळाला पी२४६३. अर्थ, डीपीएफमध्ये काजळी जास्त. म्हणजे दिवा जे सांगत होता तेच आता इंग्रजीत. कोड पडला त्या क्षणाची नोंदही सापडली. वेग ताशी वीसच्या आसपास आणि कूलंट धड तापलेलंही नाही. शाळेच्या फेरीची ती सहीच म्हणायची.

काजळीची टक्केवारी मात्र कुठेच नव्हती. ॲपची पैसे भरून घ्यायची आवृत्ती घेतली, तिच्यात या कंपनीच्या गाड्यांसाठी म्हणून कोणीतरी तयार केलेली जादा यादी टाकली. काजळीच्या जागी रेघ आली आणि एक्झॉस्टचं तापमान आलं उणे ४० अंश. मे महिना, चिंचवड, चालू इंजिन, आणि उणे ४०. काका हसत सुटले, पण त्या आकड्याला कारण आहे. ओबीडीत तापमान पाठवताना शून्याखालचे आकडे बसावेत म्हणून मूळ संख्येतून ४० वजा करून वाचायची पद्धत आहे. उणे ४० दिसलं की समजायचं, समोरून शून्य आलंय, म्हणजे काहीच आलेलं नाही. आपण चुकीच्या दारावर थाप मारतोय.

मल्टिमीटरने काय सांगितलं

फिल्टर किती भरलाय हे ईसीयू दोन वाटांनी ठरवतो. एक हिशेबाची वाट: गाडी किती, कशी चालली यावरून काजळीचा अंदाज. दुसरी मापाची: फिल्टरच्या आधी आणि नंतर अशा दोन नळ्या निघून एका छोट्या सेन्सरला जातात, आणि तो दोन्हीकडच्या प्रेशरमधला फरक सांगतो. फरक जास्त, तर फिल्टर तुंबलेला.

काकांनी दुसरी वाट धरली, कारण ती संगणकाशिवाय तपासता येते. सेन्सरला तीन वायरी. पाच व्होल्ट, अर्थिंग आणि सिग्नल. चावी ऑन पण इंजिन बंद असताना दोन्ही नळ्यांत बाहेरचीच हवा असते. फरक शून्य. त्या वेळी सिग्नलच्या वायरीवर जो व्होल्टेज येईल तो सेन्सरच्या मते शून्य. मोजला, १.१ व्होल्ट.

आता १.१ बरोबर की चूक? हे वर्कशॉप मॅन्युअलमध्ये असतं आणि मॅन्युअल विकत मिळत नाही. सर्व्हिस सेंटरमध्ये मागितलं तर ते अंतर्गत वापरासाठी आहे असं सांगितलं गेलं. हा मुद्दा आपल्याकडे नवा नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग, निदानाची यंत्रं आणि तांत्रिक माहिती खुल्या बाजारात मिळू दिली जात नाही, हेच त्या प्रकरणाचं मूळ. कंपन्या पुढे न्यायालयात गेल्या. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या विषयांत मोटारगाड्याही होत्या. या सगळ्यातून चिंचवडच्या पार्किंगमध्ये काय पोचलं? एका सेन्सरचा शून्याचा व्होल्टेजही नाही.

तो मिळवला तो असा. आमच्या बी विंगमध्ये एकाकडे हेच मॉडेल आहे, त्याच वर्षाचं, आणि ते रोज चाकणला जाऊन येतं. रविवारी सकाळी त्या गाडीचं बॉनेट उघडून मापलं. ०.७ व्होल्ट. पुन्हा काकांच्या गाडीवर, नळ्या काढून, नळ्या लावून, कनेक्टर पुसून. १.१ च.

"खोटं बोलतोय हा," काका म्हणाले. "इंजिन बंद असताना म्हणतोय प्रेशर आहे."

चूक ०.४ व्होल्टची. सेन्सर खराब असल्याचा स्वतंत्र कोड पडावा एवढी ती मोठी नव्हती, पण प्रत्येक मापात खोटी भर घालण्याइतकी नक्कीच होती. काजळी खरोखर वाढलेली होती, त्यावर ही भर पडली आणि ईसीयूच्या हिशेबात फिल्टर धोक्याच्या रेषेपलीकडे गेला. त्या रेषेपलीकडे ईसीयू रिजनरेशन करूच देत नाही. एवढी काजळी एकदम पेटली तर सिरॅमिक वितळू शकतं. सर्व्हिस सेंटरच्या स्कॅनरला नकार मिळाला तो यामुळे. नियम बरोबर होता, माप चुकीचं होतं.

सेन्सर काढणं हे मात्र खास आधुनिक काम. तो इंजिनच्या मागे, पार काचेच्या बाजूला, वायपरखालच्या प्लॅस्टिकच्या पॅनेलआड. वायपरचे हात काढा, मग पॅनेल. पॅनेलच्या क्लिपा एकदाच बसण्यासाठी जन्माला आलेल्या, उन्हाने कडक झालेल्या, त्यातल्या निम्म्या तुटल्या. कनेक्टरला लाल रंगाची एक खिटी असते, ती आधी सरकवायची आणि मगच कान दाबायचा. हे माहीत नसेल तर माणूस कान मोडून बसतो. दोन स्क्रू, दोन्ही स्टारचे. पुढचा दिसतो, मागचा दिसत नाही. काकांनी तो डोळे मिटून, बोटांनी चाचपत काढला. एका हाताची दोन बोटं स्क्रूवर, दुसऱ्या हातात आखूड पाना, एका वेळी पाव फेरा. मागचा स्क्रू खाली पडू नये म्हणून पान्याच्या टोकाला आधी ग्रीसचा ठिपका लावलेला. ही कसब अजून कामाला येते. गाड्या नव्या झाल्या म्हणून हात जुने पडले, असं मला तरी दिसलं नाही.

सेन्सरच्या तोंडाशी काळा, ओलसर गाळ होता. नवा सेन्सर चॅसिस नंबर देऊन मागवावा लागला. काउंटरवर आधी "हा सुटा येत नाही" असं उत्तर, मग दुसऱ्या माणसाने शोधल्यावर येतो असं निघालं. साडेतीन हजारांच्या आसपास. बसवला, मापला. ०.७.

शेवटची पायरी

डोंगलवरून कोड पुसला. दिवे गेले. शाळेपर्यंत जाऊन येईतो परत आले.

कारण कोड पुसणं म्हणजे नोटीस फाडणं, खात्यावरची बाकी तशीच राहते. काजळीचा साठवलेला आकडा ईसीयूच्या स्मृतीत वेगळा असतो. शिवाय नवा सेन्सर बसला हे त्याला सांगावं लागतं, म्हणजे तो नवं शून्य शिकून घेतो. काकांना कोणीतरी हायवेवर पळवायला सांगितलं म्हणून ते तळेगावच्या पुढे जाऊन आले. काही उपयोग झाला नाही, कारण ईसीयूने रिजनरेशनच बंद ठेवलेलं.

हे "सांगणं" कसं चालतं ते थोडं बघू. गाडीतले कंट्रोलर ज्या भाषेत स्कॅनरशी बोलतात तिचं प्रमाण आयएसओ १४२२९ मध्ये ठरलेलं आहे. वाचायच्या विनंत्या वेगळ्या, बदल करायच्या वेगळ्या. बदलाची विनंती आली की ईसीयू आधी एक संख्या पाठवतो. स्कॅनरने त्या संख्येवरून गुप्त सूत्राने दुसरी संख्या काढून परत द्यायची. ती जुळली तर दार उघडतं. काही वेळा चुकली तर ईसीयू थोडा वेळ बोलायचंच बंद करतो. सूत्र कंपनीकडे, आणि कंपनीशी करार केलेल्या किंवा अन्य मार्गांनी ते मिळवलेल्या स्कॅनरवाल्यांकडे. काकांच्या डोंगलकडे ते असण्याचा प्रश्नच नव्हता.

याच काळात एका ट्यूनिंगवाल्याने सोपा उपाय सुचवला. फिल्टर आतून फोडून रिकामा करायचा आणि ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलायचं, म्हणजे कटकट कायमची मिटली. वीस-पंचवीस हजार. गंमत बघा, गाडीच्या मालकाला सेन्सरचं शून्य शिकवायला कुलूप आडवं येतं, पण फिल्टर काढून टाकणाऱ्याला तेच कुलूप उघडता येतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा बदल बेकायदा आहे. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच कॅन्सरकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातलंय. काकांनी एवढी चर्चा केली नाही. "नातवाच्या शाळेबाहेर उभी असते ही गाडी," म्हणाले आणि फोन ठेवला.

काम झालं ते मोशीच्या एका गॅरेजमध्ये. आयटीआय झालेला तिशीतला पोरगा, त्याच्याकडे सगळ्या कंपन्यांना चालणारा स्कॅनर, ज्याची दर वर्षी वेगळी वर्गणी भरावी लागते. त्याने आधी काकांनी लिहून आणलेली मापं वाचली.

"काका, हे तुम्हीच मापलंत? मग माझं निम्मं काम झालंय."

स्कॅनर लावल्यावर इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो आकडा डोळ्यांनी दिसला. काजळी १०० टक्क्यांच्या बरीच वर. सेन्सर बदलल्याची नोंद केली, नवं शून्य शिकवलं, थोडा वेळ इंजिन चालवलं. आकडा खाली येऊन ७० च्या घरात स्थिरावला. मधली सगळी भर जुन्या सेन्सरची. मग रिजनरेशन. गाडी शेडबाहेर मोकळ्या मुरमाच्या जागेत, सायलेन्सरखाली गवत नाही याची खात्री, शेजारी आग विझवायचं सिलिंडर. स्कॅनरवर बटण दाबलं आणि ॲक्सिलरेटरला कोणी हात न लावता इंजिन वर चढलं. पंखा पूर्ण जोरात, जळका तिखट वास. एक्झॉस्टचं तापमान ६०० च्या पुढे. अर्ध्या तासाने काजळी एक आकडी झाली. पोराने अडीच हजार घेतले, आणि ऑइल आजच बदला म्हणून बजावलं, तेही कमी राख होणारं, डीपीएफसाठीचंच. काकांनी ते घरी येऊन स्वतः बदललं.

कुलूप कुठे असावं

त्या मुरमाच्या जागेत उभं राहून मला कंपनीची बाजूही थोडी पटली. हेच रिजनरेशन काकांनी आमच्या बेसमेंट पार्किंगमध्ये, मोबाइलवरचं बटण दाबून सुरू केलं असतं तर? छत खाली, शेजारी दुचाक्या, हवा जायला जागा नाही. आणि कुलपाला दुसरंही कारण आहे. २०१५ मध्ये अमेरिकेत दोन संशोधकांनी एका चालत्या जीपचा ताबा इंटरनेटवरून घेऊन दाखवला आणि कंपनीला १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्यानंतर गाडीच्या आतल्या जाळ्याला दरवाजे बसू लागले यात नवल नाही. जो आदेश गाडीत काही बदलतो, पेटवतो, हलवतो, त्यासाठी परवाना मागा, शिकलेला माणूस मागा. मान्य.

पण या प्रकरणात काकांना आधी हवं होतं ते फक्त वाचायला. काजळी किती, प्रेशर किती, शून्य किती असायला हवं. हे वाचल्याने ना आग लागते ना गाडी चोरीला जाते. हे आकडे पहिल्या दिवशी मालकासमोर असते तर लाखाचं एस्टिमेट निघालंच नसतं, कारण इंजिन बंद असताना प्रेशर दिसतंय हे सल्लागाराच्याही लक्षात आलं असतं. युरोपात २०१८ चा ८५८ क्रमांकाचा नियम कंपन्यांना दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना वाजवी शुल्कात द्यायला लावतो. आपल्याकडे मोशीच्या पोराला तीच माहिती कुठून कुठून गोळा करावी लागते, आणि काकांना शेजाऱ्याच्या गाडीवरून.

काम वाटून घ्यायची पद्धत आता दोघांत ठरली आहे. ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड, सेन्सर काढणं-घालणं काका करतात; स्कॅनरचं काम मोशीला. महिन्यातून एकदा गाडी सातारा रस्त्याने खंबाटकीपर्यंत जाऊन येते. डिपस्टिक दर रविवारी. तुटलेल्या क्लिपांऐवजी पॅनेल सध्या स्टेनलेसच्या स्क्रूंवर आहे आणि काकांच्या मते ते कंपनीपेक्षा जास्त घट्ट बसलंय. राख मात्र रिजनरेशनने जात नाही, ती वर्षानुवर्षं साठत राहते, त्यामुळे कधीतरी फिल्टर उतरवून धुवावा लागेलच. ते कुठे नीट करून मिळतं याची चौकशी काकांनी आत्तापासून सुरू केलीय, आणि धुण्याआधी-धुतल्यानंतरचं वजन लिहून देणार असाल तरच गाडी आणतो, अशी त्यांची अट आहे.